आप्पा, लॉग पाठवा

कारभारीच्या गाडीत शेजारच्या सीटवर लॅपटॉप बसायचा, आणि तोही बेल्ट लावून. शेवगावच्या पाथर्डी रस्त्यावरच्या टपरीवाल्यांना सुरुवातीला याची फार मौज वाटली. "कारभारीभाऊ, ह्यो पाव्हना कोन?" असं कुणीतरी ओरडायचं, आणि कारभारी काच खाली करून म्हणायचा, "आमचा इंजिनेर हाय. तुझ्यापरीस बरा, गप बसतो." पुढं लोकांना सवय झाली. कारभारीला मात्र झाली नाही. ती जागा धनश्रीची होती, आणि तिथं लॅपटॉपला बेल्ट लावताना त्याचा हात रोज जरा वेळ रेंगाळायचा.

धनश्री त्याची एकुलती एक मुलगी. बाकीच्या पोरी भातुकली मांडायच्या तेव्हा ही बापाच्या गॅरेजच्या ओट्यावर जुन्या स्पार्क प्लगांची वरात काढायची. नगरला सावेडीत खोली घेऊन तिनं इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी केली, आणि या उन्हाळ्यात तिला होसूरला बोलावणं आलं. नव्या इंजिनांना किती हवेमागं किती पेट्रोल द्यायचं, ठिणगी नेमकी कधी पाडायची, हे ठरवायचं तिचं काम. होसूर कुठं आहे ते कारभारीनं मोबाईलवर पाहिलं. "हे तर पार खालीच गेलं की," एवढंच तो म्हणाला आणि पाना घेऊन दुसऱ्याच्या गाडीखाली सरकला.

दोन नोकऱ्यांच्या मध्ये ती घरी आली होती. पहिल्याच दिवशी गॅरेजच्या मागं झाकून ठेवलेल्या जुन्या पांढऱ्या गाडीवरची ताडपत्री तिनं ओढली आणि म्हणाली, "आप्पा, हिला टर्बो बसवू." लहानपणापासूनचं वेड होतं ते.

"ह्या म्हातारीला?" कारभारी म्हणाला. "तिला चालता येईना आन तू तालमीत घालतीस व्हय?"

पण बोलता बोलता त्यानं बॉनेट उघडलंसुद्धा होतं. नगरच्या भंगारातून एका डिझेल गाडीचा टर्बो आला. तो या गाडीचा नव्हेच, तेव्हा त्याला जोडायचे पाइप कारभारीनं स्वतः कापून वेल्डिंग केले. हवा थंड करायची जाळी पुढच्या बंपरमागं बसली. पेट्रोलचा पंप मोठा आला, इंजेक्टर मोठे आले, आणि इंजिन चालवणारा जुना कॉम्प्युटर काढून धनश्रीनं तिथं नवा बसवला, ज्याला लॅपटॉप जोडून आपल्याला हवं ते शिकवता येतं.

कारभारीची बायको पुष्पावती रोज चहा घेऊन यायची आणि पदर खोचून बघत उभी राहायची. "एवढं हाय तरी काय त्यात?" तिनं एकदा विचारलं.

"आये, फुंकणी," धनश्री म्हणाली. "टर्बो म्हंजी इंजिनाची फुंकणी. धुराड्यातनं जाणाऱ्या वाफाऱ्यावर फिरते आन हवा आत कोंबते."

"आन चुलीत सरपनच नसलं तर?"

"तीच तर गोम हाय. हवा कोंबली तर तेवढं पेट्रोल बी द्यायला पायजे. कमी पडलं की आतला जाळ भलताच तापतो आन पिस्टन फुटतो. ठिणगी बी जरा उशिरा पाडावी लागते. हे सगळं कॉम्प्युटरला शिकवायचं. आता तर पेट्रोलात इथेनॉल लई, त्याचा बी हिशेब धरायचा."

"म्हंजी आपलाच ऊस," पुष्पावती म्हणाली, आणि तिला गाडीबद्दल एकदम आपुलकी वाटली.

शिकवण्याचं काम दोघांचं असतं. एकानं गाडी हाकायची, दुसऱ्यानं आकडे बघायचे. पहाटे घोटणच्या रस्त्याला चिटपाखरू नसायचं. कारभारी चाक धरायचा आणि धनश्री मांडीवर लॅपटॉप घेऊन शेजारी. "तिसऱ्यात टाका. आता दाबा. दाबा, आप्पा, भिऊ नका. सोडा." टर्बोचा दाब आला की हवा-पेट्रोलच्या हिशेबाचा आकडा बाराच्या आसपास राहिला पाहिजे, तेराकडं पळाला म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, पाय काढायचा, हे तिनं त्याच्याकडून पाठ करून घेतलं. गाडी थांबली की ती लॅपटॉपवरच्या तक्त्यात चार घरांतले आकडे बदलायची, आणि पुन्हा दाबा, पुन्हा सोडा. जन्मात कारभारीनं कुणाचा हुकूम ऐकला नव्हता, बापाचाही नाही. पण त्या पहाटे पोरीच्या हुकमावर चालताना त्याला जे सुख लागलं, तसं त्याला लग्नातही लागलं नव्हतं. हे त्यानं पुष्पावतीला अर्थातच सांगितलं नाही. हुशार माणूस होता.

काम निम्म्यावर आलं आणि होसूरला जायचा दिवस उजाडला. धनश्रीनं त्याला लाल बटण दाखवलं. हे दाबून गाडी चालवायची, इंजिनाचा सगळा व्यवहार लॅपटॉपात उतरतो, त्याला लॉग म्हणायचं. तो मोबाईलवरून तिला पाठवायचा. ती तिकडं बघून आकडे सुधारणार, नवी फाईल पाठवणार, ती यानं गाडीत भरायची. "म्हंजी तू तिकडनं उंटावरून शेळ्या हाकनार," कारभारी म्हणाला. ती हसली. अमरापूरच्या फाट्यावर त्यानं तिला पुण्याच्या गाडीत बसवलं, बॅग वर ठेवली, आणि "पोचली की फोन कर" म्हणून खाली उतरला. त्या घराण्यात निरोपाची एवढीच रीत होती.

ती गेल्यावर घर खायला उठलं. हे कारभारी कुणाला बोलला नाही, पण त्याला रोज जाणवायचं. फोन व्हायचे, नाही असं नाही. "जेवलीस का?" "जेवले. तुमी?" "जेवलो." मग तो म्हणायचा, "घे, आईशी बोल." बापलेकीत इंजिनाखेरीज दुसरी भाषाच कधी बोलली गेली नव्हती. पण ज्या दिवशी लॉग जायचा त्या संध्याकाळी मोबाईल वाजायचा आणि धनश्री घडाघडा बोलायची. इथं पेट्रोल जास्त पडतंय, तिथं ठिणगी जरा मागं घेतली, चढाला हिसका देते का बघा. तो विचारायचा, ती समजावायची, चहा गार व्हायचा. आणि शेवटी ती म्हणायची, "उद्या परत लॉग पाठवा, आप्पा." त्या एका वाक्यावर कारभारीचा दुसरा दिवस निघायचा.

खंडेनवमीला गॅरेजात पूजा झाली. पाने, जॅक, कंप्रेसर, सगळ्यांना हळदकुंकू लागलं, आणि पुष्पावतीनं पांढऱ्या गाडीला झेंडूचा असा गलेलठ्ठ हार घातला की पुढचा बंपर दिसेना. त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही, गाडी हलवायची नाही. पण दसऱ्याच्या सकाळी कारभारीनं हारासकट गाडी काढली आणि घोटणच्या रस्त्याला दोन चकरा मारल्या. गाडी जरा जडच वाटत होती. लॉग गेला आणि संध्याकाळी फोन आला.

"आप्पा, गाडीला हार घातलाय का?"

कारभारीनं मागं वळून पाहिलं, जणू ती दारात उभी आहे. "तुला कसं कळलं?"

"हवा लई गरम जातीय आत. थंड करायच्या जाळीसमोर काहीतरी हाय. आन काल खंडेनवमी हुती." मग ती जरा थांबली. "आईनं घातलाय ना? झेंडूचाच ना?"

"झेंडूचाच," तो म्हणाला. हार काढून त्यानं देवघरात नेऊन ठेवला, पण त्या रात्रभर त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. पोरीला होसुरात बसून घरचा हार दिसला होता.

तिथून पुढं कारभारीच्या लॉगांना पाय फुटले. घोटणचा रस्ता सोडून तो गाडी भलतीकडंच न्यायला लागला. ती ज्या शाळेत शिकली तिच्यासमोरून हळू न्यायची. ती पहिल्यांदा स्कूटर शिकताना पडली त्या वळणावर जरा ब्रेक लावायचा. धरणाच्या पाण्याकडं उतरणाऱ्या कच्च्या वाटेनं न्यायची, जिथं थंडीत पक्षी येतात आणि ती लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून ते मोजायची. लॉगात फक्त वेग आणि आकडे उतरतात, पक्षी उतरत नाहीत, हे त्याला कळत होतं. पण ज्या पोरीला आकड्यात झेंडू दिसतो तिला काय सांगावं? आणि शनिवारी तो अमरापूरच्या फाट्यावर जाऊन पुण्याची गाडी येईपर्यंत इंजिन चालू ठेवून थांबायचा. गाडीतून धनश्री उतरणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी थांबायचा.

"फाट्याएवढं अंतर झालं की वेग शून्य हुतो. तिथं एवढा वेळ कशाला थांबता?" तिनं एकदा विचारलंच.

"इंजिनाचा पंखा लागतो का बगत हुतो," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली.

दिवाळीला तिला सुट्टी मिळाली नाही. पुष्पावतीनं करंज्या पार्सलनं पाठवल्या, पाडव्याला व्हिडिओवर सगळ्यांनी हात हलवले, आणि झाली दिवाळी. त्यानंतर मात्र कारभारीला एका वेगळ्याच भीतीनं धरलं. आकडे त्यालाही आता वाचता येत होते. दाब आला की बारा, तर बारा. चढाला हिसका नाही, थंडीत सकाळी एका हाकेत सुरू. नवी फाईल येत होती, तो भरत होता, पण गाडीत फरक काही पडत नव्हता, कारण फरक पडायला दोषच उरला नव्हता. गाडी झाली होती. आज ना उद्या धनश्री तसं म्हणणार, आणि मग पुन्हा "जेवलीस का? जेवले. घे, आईशी बोल."

एका संध्याकाळी ती म्हणाली, "आप्पा, पुढच्या महिन्यापासून माझं काम लई वाढनार हाय. मग..." तेवढ्यात तिला तिकडून कुणी हाक मारली आणि बोलणं अर्धंच राहिलं. पुढचं वाक्य कारभारीनं आपल्या मनानंच पुरं केलं. चोराच्या मनात चांदणं. मग लॉग पाठवू नका, असंच ती म्हणणार होती, दुसरं काय?

रात्री तो अंथरुणावर नुसता पडून होता. सकाळी उठून त्यानं जे केलं ते शेवगावातल्या कुठल्याही मिस्त्रीनं केलं असतं तर त्यानं त्याला गॅरेजबाहेर काढलं असतं. पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरला एक बोटभर जाडीची रबरी नळी जाते. टर्बो किती हवा कोंबतोय ते ती नळी रेग्युलेटरला सांगते, आणि मग पेट्रोलचा दाबही तेवढाच वाढतो. कारभारीनं ती नळी काढली, तिच्या तोंडात एक बोल्ट बसवला आणि वर पट्टी आवळली. आता हवा वाढली तरी पेट्रोल मागंच राहणार होतं. आकडा बारावरून जरासा सरकेल. धनश्रीला काही सापडणार नाही. तिला अजून महिनाभर डोकं खाजवत बसावं लागेल, रोज फोन करावा लागेल. हलक्या पायानं दोनदा दाबायचं, लॉग घ्यायचा आणि परत यायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. बापाचं प्रेम कधी कधी फार बावळट असतं.

लाल बटण दाबून तो निघाला. पण उसाचा हंगाम सुरू झाला होता. गावाबाहेर पडताच त्याच्यापुढं उसाची जोडट्रॉली आली, ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, दोन्हीवर आभाळाएवढा ऊस, आणि टेपवर गाणं मोठ्यानं चालू. त्याच्यापुढं दुसरी तशीच. कारभारी बराच वेळ त्यांच्या मागं पाचट झेलत रांगला. मग रस्ता मोकळा दिसला, तसा त्यानं तिसरा गिअर टाकला आणि उजवीकडं काढली.

पहिली जोडट्रॉली मागं पडली, दुसरीच्या बरोबरीला आला, आणि समोरच्या वळणातून दुधाचा टेम्पो निघाला. आता मागं जायला जागा नव्हती, कारण पहिल्या ट्रॅक्टरनं मधली फट भरून काढली होती. कारभारीनं पाय पार तळाला दाबला. टर्बो शिट्टी मारत पेटला. बाजूच्या सीटवर लॅपटॉपातला आकडा बारावरून सुटला, तेराला गेला, तेराच्याही पुढं, आणि इंजिनातून डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज यायला लागला. पाय काढ, असं पोरीनं शिकवलेलं सगळं अंग ओरडत होतं. पण पाय काढला तर टेम्पो छातीवर. त्यानं नाही काढला. ट्रॅक्टरच्या नाकापुढून त्यानं गाडी डावीकडं आत घातली, टेम्पो कर्कश हॉर्न देत निघून गेला, आणि त्याच क्षणी बॉनेटखाली काहीतरी फाडकन फुटलं. मागं निळ्या धुराचा लोट उठला. करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

टेम्पोवाला भला माणूस. त्यानं वळून येऊन दोरानं गाडी गॅरेजपर्यंत ओढून दिली, आणि वाटेत एकही शिवी दिली नाही. पुष्पावती दारात आली. तिनं गाडीकडं पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. "तुमाला तर काय लागलं न्हाई ना?" तिनं विचारलं. त्यानं मान हलवली. "मग राहू द्या," ती म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

दुपारी कारभारीनं प्लग काढून बॅटरीचा उजेड आत टाकला. तिसऱ्या पिस्टनचा कडेचा तुकडाच नाहीसा झाला होता. त्यानं प्लग परत बसवले, बॉनेट लावलं आणि तो गॅरेजच्या पायरीवर बसून राहिला. लॅपटॉप अजून बेल्टातच होता. लॉगही होता त्यात, फुटण्याच्या क्षणापर्यंतचा. तो पाठवायची त्याची छाती झाली नाही.

दिवेलागणीला फोन वाजला.

"आप्पा, आज लॉग न्हाई आला."

नळी आपोआप निसटली, असं म्हणता आलं असतं. जुनी गाडी, नळ्या निसटतात. तो तसं म्हणणारही होता. पण तिच्या आवाजात काळजी होती, आणि त्या आवाजाशी खोटं बोलायला त्याची जीभ वळेना.

"गाडी गेली, धने. पिस्टन फुटला."

"कसा काय? आकडे तर..."

"आकड्याचा दोष न्हाई. मीच रेग्युलेटरची नळी काढली. मुद्दाम काढली. बोल्ट घालून."

"तुमी?" ती म्हणाली. "तुमी नळी काढली? तुमाला म्हाईत न्हाई व्हय काय हुतं ते?"

"म्हाईत हाय."

"मग कशापायी, आप्पा?"

आत पुष्पावतीनं देवापुढं दिवा लावला होता, त्याचा उजेड पायरीपर्यंत येत होता. "गाडी नीट झाली हुती," तो म्हणाला. "तू म्हननार हुती, आता लॉग नको. मला वाटलं, जरा बिघडली तर तुझा फोन चालू राहील. आता तर गाडीच गेली. आता तू कशाला फोन करशील?"

फोन कट झाला की काय म्हणून त्यानं मोबाईल कानापासून दूर धरून पाहिला. नव्हता झाला. मग त्याला नाक ओढल्याचा आवाज ऐकू आला.

"आप्पा, गाडी दसऱ्यालाच झाली हुती."

"काय?"

"हाराच्या दिवशी. त्यानंतर मी एक बी आकडा बदलला न्हाई. तीच फाईल नाव बदलून पाठवीत हुते."

कारभारी पायरीवरून उठला आणि पुन्हा बसला. दसऱ्यापासून त्यानं किती फाईली भरल्या होत्या, किती सकाळी त्या भरून "आज जरा मऊ चालतीय" असं तिला सांगितलं होतं, ते सगळं त्याला आठवलं.

"लॉग नसला की मला नुसतं जेवलीस का, एवढंच ऐकायला मिळतं," ती म्हणाली. "इथं खोलीत कुनी आपलं बोलनारं न्हाई. तुमचा लॉग आला की मी दार लावून बसायची. शाळेजवळ गाडी हळू झाली की कळायचं मला. फाट्यावर थांबली की कळायचं. पंखा बगत हुते म्हनं!" ती रडता रडता हसली. "काम वाढनार हाय, मग संक्रांतीपर्यंत यायला जमनार न्हाई, एवढंच सांगायचं हुतं मला त्या दिवशी."

संक्रांत अजून लांब होती. कारभारीनं अंधारात पांढऱ्या गाडीकडं पाहिलं. ती दुरुस्त होईल की नाही, हे त्याला या क्षणी अजिबात महत्त्वाचं वाटलं नाही. त्याच्या सवयीनं तोंडात शब्द आले, घे, आईशी बोल, आणि ते त्यानं गिळले.

"मग आता?" तो म्हणाला.

"मग आता बोला," धनश्री म्हणाली. "सकाळपासून काय काय झालं ते सांगा. इंजिनाचं सोडून."

इंजिनाचं सोडून बोलायचं म्हणजे कुठून सुरू करावं हे कारभारीला खरोखरच कळत नव्हतं. ती तिकडं थांबली होती.

"सकाळी उठलो," तो अखेर म्हणाला, "आन तुझी आठवन आली."